उसावरचा एक फेरा

कॉम्प्युटरवर दोन मिनिटांत होणाऱ्या कामाला काका आठ दिवस लावायचे, आणि ते आठही दिवस आमचे जायचे, त्यांचे नव्हे. त्यांना काय, ते रिटायर होते. माझं उद्यमनगरात लेथचं दुकान आहे. गिऱ्हाईक दारात उभं, जॉब मशीनवर चढलेला, आणि खिशात मोबाईल वाजायचा. 'वहिवाट ताडून बघणेकामी उद्या सकाळी अकरा वाजता हजर राहावे. गैरहजर राहिल्यास एकतर्फी मोजणी करण्यात येईल.' खाली सही. आधी कागदावर लिहायचं, सही करायची, मग त्याचा फोटो काढून पाठवायचा. साधं 'उद्या ये' म्हणायला या माणसाची जीभ कधी वळली नाही.

वहिवाट म्हणजे आमची उडायची वाट. आम्ही दहा-पंधरा खुळी माणसं हँग ग्लायडर उडवतो. वर कापडाचा पंख, खाली पोटावर लटकलेला माणूस, इंजिन नाही, काही नाही. पन्हाळ्याच्या पलीकडच्या पठारावरून पळत सुटायचं आणि हवेत झोकून द्यायचं. ऊन तापलं की नांगरलेल्या रानातनं, माळातनं गरम हवा वर उठते. तिला आम्ही थर्मल म्हणतो. घार फिरते तसं तिच्यात गोल गोल फिरत राहिलं की उंची मिळते, मग ती उंची खर्चून पुढं जायचं. शर्यतीत दोन-तीन ठरलेल्या खुणांवरनं जाऊन शेवटच्या माळावर जो आधी पोचेल तो जिंकला. प्रत्येकाजवळ एक यंत्र असतं, ते सेकंदासेकंदाला कुठं होता, किती उंचीवर होता, सगळं लिहून ठेवतं. त्या नोंदीची नकाशावर एक रेघ होते. दोघांच्या रेघा शेजारी शेजारी ठेवल्या की कोण कुठं शहाणपणा करून गेला आणि कुणी कुठं माती खाल्ली ते कळतं. त्यासाठी छान प्रोग्रॅम आहेत. स्क्रीनवर रंगीत चिमुकली विमानं पळतात. एकदा मी काकांना दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून बघितलं आणि म्हणाले, "ह्यो सिनेमा हाय. मोजणी कुठाय?"

त्यांची मोजणी मंगळवार पेठेतल्या दोन खोल्यांत चालायची. उभी नोकरी त्यांनी जमिनी मोजण्यात घालवलेली. खाली ट्यूबलाइट बसवलेलं एक काचेचं टेबल होतं, नकाशे गिरवायला घेतलेलं. आमच्या रेघा मी ट्रेसिंग पेपरवर छापून न्यायच्या, सगळ्या एकाच मापात, आणि एक केसभर फरक पडला तर परत जिना उतरून छापायला जायचं. मग ते एका माणसाचा कागद खाली ठेवणार, दुसऱ्याचा वर, चार कोपऱ्यांवर चार पितळी वजनं, ब्लेडनं टोक केलेली एक लाल पेन्सिल, एक निळी. आणि शांतता. दोन-दोन तास शांतता. आम्ही दोघे पायलट समोर लोखंडी खुर्च्यांवर. कुणी काही बोलायला तोंड उघडलं की बोट वर. "आदी रेघ बघू, मग तोंड बघू."

स्वतः कधी उडाले नाहीत. स्टुलावर चढलं तरी गरगरतं म्हणायचे. बल्ब बदलायला मला दुकानातनं बोलवायचे, तेही नोटीस पाठवून.

हे आमच्या गळ्यात पडले कसे, तर आमच्यातला एकजण चुकून त्यांच्या पुतण्याच्या भुईमुगात उतरला. पुतण्या बिचारा म्हणत होता, जाऊ दे, माणूस वाचला की बास. पण काका टेप घेऊन आले. कुठून शिरला, कुठं घसरला, कुठं थांबला, सगळं मोजलं. सत्तावीस रोपं मोडली म्हणून लिहून घेतलं, त्यातली चार आधीच डुकरांनी उकरलेली होती ती वेगळी काढली. तीन तास गेले. मग त्या पायलटच्या मांडीवर ते यंत्र दिसलं. "ह्यात काय असतंय?" त्यानं सांगितलं. तो दिवस आणि आजचा दिवस. आम्ही काही त्यांना नेमलं नव्हतं. पण सगळ्यांच्या आधी येऊन बसणाऱ्या माणसाला उठा म्हणायची आमच्यात कुणाची छाती नव्हती.

आणि नुसतं टेबलावर भागलं असतं तर ठीक. त्यांना जमिनीवर जायचं असायचं. माझी रेघ एखाद्या ठिकाणी खाली खाली गेली असेल, तर रविवारी सकाळी त्यांच्या मोपेडवर मागं बसून मी तिथं जायचं, आणि त्या जागेवर उभं राहून खाली काय होतं ते बघायचं. आम्हाला सगळ्यांना ते 'अर्जदार' म्हणायचे. "बघा अर्जदार. ऊस. आणि पाणी पाजलेला ऊस. गार रान. ह्याच्यावर थर्मल शोधणार तुमी? आणि त्यो तिकडं बघा, नांगरून टाकलेला. दोनशे पावलं डावीकडं गेला असता तर आभाळाला टेकला असता."

बरोबर असायचं, तोच तर वैताग. चुकला असता तर माणूस निदान भांडला असता.

एकदा असंच एका गावाच्या शिवारात आम्ही बांधावर उभे. ह्यांच्या हातात नकाशा, पेन्सिल कानावर. एक बाई धुणं टाकून पळत आली. "पावणं, कुणाच्या रानाची मोजणी हाय?" मी म्हणालो, मावशी, मोजणी नाही, विमानाचं आहे. तिचा विश्वास बसेना. तोवर दोन बाजूंनी दोघे भाऊ आले. एक म्हणाला, अर्ज तू दिलास. दुसरा म्हणाला, तू दिलास. बांधावरचा दगड कुणी सरकवला इथपर्यंत गेलं, मग आजोबाच्या वाटणीपर्यंत, मग एकमेकांच्या बायकांपर्यंत. अर्ध्या तासात तीस माणसं जमा. मी म्हणतोय, काका, चला, मार खाऊ. ह्यांनी त्या दगडाजवळ बसून, माती बोटानं उकरून, शांतपणे सांगितलं, "दगड सरकलाय. पण पंधरा-वीस वर्सं झाली. आता दोघांचीबी वहिवाट झाली." दोघे भाऊ मिळून आमच्या अंगावर आले. मोपेड ढकलत आम्ही पळालो.

आता जे सांगायचं आहे ते सांगतो. इतका वेळ टाळत होतो, हे कबूल.

संतोष आणि मी बरोबरच उडायला शिकलो. तो हुपरीचा, घरात चांदीचं काम, पैंजणं करतात. सुरुवातीला दोघांत मिळून एकच ग्लायडर होता. एक रविवार त्याचा, एक माझा. ज्याचा नसेल त्यानं खाली जीप घेऊन पळायचं. सहा-सात वर्षं अशी गेली. मग प्रत्येकाचा वेगळा ग्लायडर झाला आणि आम्ही शर्यतीत एकमेकांसमोर आलो. तरी संध्याकाळी मिसळ एकाच टेबलावर.

गेल्याच्या गेल्या वर्षी थंडी सरत आली तेव्हाची शर्यत. जो जिंकेल त्याचं नाव बाहेरच्या देशातल्या स्पर्धेला जाणाऱ्या संघात जाणार होतं. मला ते पाहिजे होतं. उगाच साधेपणाचा आव आणत नाही, जीव टाकला होता मी त्याच्यावर. शेवटच्या दिवशी मी आणि संतोष पुढं होतो, मागं आणखी दोघे. नदीकाठचा उसाचा पट्टा आला आणि संतोष खाली खाली जायला लागला. मला वरून दिसत होतं. उसातल्या एका उघड्या पट्टीत उतरायला बघत होता, वारा उलटा लागला आणि ग्लायडर नाकावर गेला.

मी एक फेरा मारला. बघितलं. पंख वाकडा झालेला आणि त्याच्याखाली संतोष. त्यानं एक हात वर केला.

आमच्यात नियम साधा आहे. खाली कुणी पडलेला दिसला तर वॉकीटॉकीवर सांगायचं, आणि मदत येईपर्यंत त्याच्यावर घिरट्या घालत थांबायचं. थांबणाऱ्याचा वेळ धरून देतात, पण तो कसा धरायचा यावर दर वेळी रामायण होतं. त्या गार उसावर थांबलो तर मीही खाली जाणार, हे मला दिसत होतं. मागचे दोघे जवळ येत होते. मी स्वतःला म्हणालो, हात हलवतोय म्हणजे बरा आहे. आणि सरळ निघालो. वॉकीटॉकीचं बटण मी दाबलं नाही.

जिंकलो. मिनिटभराच्या फरकानं.

माळावर उतरल्यावर माणसं मोजली तर एक कमी. आयोजकांनी एकेकाला विचारलं, संतोषला कुणी बघितलं का. मला विचारलं. मी म्हणालो, "न्हाय." व्हय म्हणालो असतो तर पुढचा प्रश्न होता, मग थांबला का न्हाईस. आणि एकदा नाही म्हटल्यावर नंतर व्हय म्हणायची सोय राहिली नाही. दोन तासांनी ऊसतोडीच्या माणसांना तो सापडला. उजव्या हाताचं मनगट दोन ठिकाणी मोडलेलं, पाय मुरगळलेला, वॉकीटॉकी अंगाखाली येऊन फुटलेला, मोबाईल अंगाला बांधायच्या हार्नेसच्या मागच्या कप्प्यात, हात पोचत नव्हता. दवाखान्यात मी रात्रभर त्याच्या उशाशी बसलो होतो. त्याची बायको मला म्हणाली, "दादा, तुम्ही हायसा म्हणून धीर हाय." ते वाक्य मी अजून पचवतोय.

चार दिवसांनी नोटीस आली.

काच, ट्यूबलाइट, पितळी वजनं. या वेळी समोर एकच खुर्ची, आणि कागद त्यांनी स्वतःच छापून आणलेले. खाली संतोषचा कागद, वर माझा. संतोषची रेघ एका ठिकाणी संपलेली. माझी रेघ येत येत बरोबर त्याच जागेवर येते, एक गोल फेरा घेते आणि सरळ निघून जाते. दोन तास नाही, दहा मिनिटंही लागली नाहीत.

"हितं फेरा का मारलास?"

पहिल्यांदाच अर्जदार म्हणाले नाहीत.

"थर्मल बघत होतो."

"पाणी पाजलेल्या उसावर?"

"बघितलं एकदा."

"उंची खाली चाललीती. आक्खा फेरा खाली चाललीती. पाव फेऱ्यात कळतंय की न्हाय ते. तुला तर कळतंयच." मग त्यांनी ड्रॉवरमधून एक छापील कागद काढला. जमिनीच्या मोजणीत शेजारच्या खातेदारांचे जबाब घेतात, त्याच नमुन्याचा त्यांनी आमच्यासाठी तयार केलेला कागद होता. त्यात लिहिलं, 'एक फेरा. कारण.' आणि पुढं जागा मोकळी सोडली. कागद माझ्याकडं सरकवला. मी लिहिलं, 'थर्मलचा शोध.' त्यांनी वाचलं, घडी घातली, ठेवून दिलं. "चहा घेणार?" म्हणाले.

मला वाटलं झालं. आज आयोजकांना सांगणार, उद्या फोन येणार. आला नाही. आठ दिवस गेले. पंधरा दिवस गेले. संघाच्या यादीत माझं नाव छापून आलं. गल्लीत मित्रांनी डिजिटल बोर्ड लावला, 'नाद खुळा' म्हणून, माझा गॉगल लावलेला फोटो. आणि हा माणूस गप्प. आयुष्यभर प्रत्येक केसभर चुकीवर माझं डोकं खाल्लं, आणि आता ज्याच्यावर बोलायला पाहिजे तिथं तोंडाला कुलूप! अहो, ओरडा, शिव्या द्या, तक्रार करा. शेवटी मीच फोन केला. "काका, त्या कागदाचं काय झालं?"

"एकाचाच जबाब झालाय. लगतच्या खातेदाराचा ऱ्हायलाय. नोटीस पाठवतोय."

हुपरीला मोपेडवर गेलो. मी म्हणालो माझी गाडी घेऊ, तर नाही. ताशी तीसच्या वर जायचं नाही, उसाची ट्रॉली दिसली की कडेला थांबून ती जाईपर्यंत वाट बघायची. कागदांची गुंडाळी मी दोन्ही हातांनी धरलेली. "चुरगळू नगंस," एवढंच त्या सगळ्या रस्त्यात बोलले.

संतोषच्या घरात पुढच्या खोलीत काम चालतं. त्याची बायको आणि भाऊ पैंजणाच्या कड्या जोडत बसलेले. संतोष बाजूला, हात प्लास्टरमध्ये. मला बघून उठला. "या चॅम्पियन! नाद खुळा केलास मर्दा. बोर्ड बघितला की मोबाईलवर. गॉगल कुणाचा रे त्यो, माझाच न्हाय?" त्याचाच होता.

चहा आला. काकांनी पैंजणं बाजूला सरकवायला लावून पाटावर कागद पसरले. लाल पेन्सिलीनं ती जागा दाखवली. "ही तुमची वहिवाट. हितं संपली. ही ह्येंची. हितं एक फेरा हाय. ह्येंनी कारण लिवलंय, थर्मलचा शोध. तुम्हाला मान्य हाय का अमान्य, ते सांगायचं, आणि सही."

संतोष हसला. "कसला थर्मल, काका! त्यो मला बघाय फिरलाता. मी बघितलं की." माझ्याकडं वळला. "तू फेरा मारलास, मी हात केला. म्हणलं, सुटलो. यानं बघितलं. आता हा सांगतोय आणि माणसं येत्यात. खरं सांगू का, त्याच्या आदी मी सरकत सरकत बांधाकडं निघालतो. रस्ता जवळच हुता, ट्रॅक्टरचा आवाज यायचा. पण तू बघितलास म्हटल्यावर म्हणलं, आता जागचं हालायचं न्हाय, न्हायतर सापडायचो न्हाय. म्हणून तितंच पडून ऱ्हायलो. उनात. दोन तास." चहाचा घोट घेतला. "तुझा वॉकीटॉकी बिघडला असणार त्या दिवशी. मी हिला तेच म्हणालो. न्हाय गं?"

बायकोनं मान हलवली.

माझ्यासाठी दार उघडं होतं. त्यानं स्वतःच उघडून धरलं होतं. व्हय, बिघडला होता, एवढं म्हणायचं आणि बाहेर पडायचं. काकांनी पेनाचं टोपण काढून पेन पाटावर ठेवलं. कुणाकडंही न बघता, कागदाकडं बघत बसले.

"चालू हुता," मी म्हणालो. "वॉकीटॉकी चालू हुता."

संतोषला आधी कळलंच नाही. "मग?"

मग मी सगळं सांगितलं. बटण, मागचे दोघे, माळावरचं 'न्हाय'. त्याची बायको उठून आत गेली. भाऊ हातातली कडी तशीच धरून बसला. काकांनी माझं वाक्य खोडलं, वर माझ्याकडून नवीन लिहून घेतलं, मी म्हणालो तसंच, एक शब्द इकडं तिकडं नाही. मग कागद संतोषपुढं ठेवला. "मान्य?"

"मान्य," संतोष म्हणाला.

"सही."

"माझी सही उजव्या हातानं हाय, काका. हात बरा झाला की या."

काकांनी टोपण लावलं, कागद गुंडाळले. बाहेर येऊन मोपेडला पाच-सहा किका मारल्या, आणि मला म्हणाले, "पुढची तारीख घ्यावी लागंल."

इतकंच. मी रडत होतो, आणि ह्या माणसाला तारीख सुचत होती.

संघातनं नाव मी दुसऱ्या दिवशी काढून घेतलं. कारण विचारलं, ते सांगितलं. बोर्ड मित्रांनीच उतरवला. त्यानंतर दर महिन्याला मोपेडवरून हुपरी. संतोष ये म्हणायचा, चहा द्यायचा, घरातली बाकी माणसं कामातून मान वर करायची नाहीत. प्लास्टर निघालं, परत ऑपरेशन झालं, हाडाला धातूची पट्टी बसवली, बोटं वळेनात. काका दर वेळी विचारणार, "सही?" आणि तो म्हणणार, "अजून न्हाय." पुढं काकांचे गुडघे गेले आणि ते चंदगडला लेकीकडं राहायला गेले. जाताना टेम्पोत काचेचं टेबल फुटलं, त्याचा दोष अर्थातच माझ्यावर. कागद मात्र माझ्या ताब्यात दिला, पोच लिहून घेऊन. तेव्हापासून मी एकटाच जातो. आणि दर एक तारखेला सकाळी सातला चंदगडहून फोन. नमस्कार नाही, कसा आहेस नाही. "सही झाली?" न्हाय. "मग तारीख लिव." ते सांगणार, मी लिहिणार. वर्षभर चाललंय हे. नंबर ब्लॉक करावा असं शंभर वेळा मनात आलं.

गेल्या महिन्यात गेलतो, तर संतोष पाटावर कामाला बसला होता. एक-एक कडी, सावकाश, पण उजव्या हातानं. मला म्हणाला, "हे बघ," आणि शेजारच्या पेपरच्या कोऱ्या काठावर पेनानं पूर्ण नाव लिहून दाखवलं. खाली रेघ ओढली, पूर्वी ओढायचा तशी. छान आली होती सही. मग पेन ठेवून दिलं आणि परत कडी उचलली. कागद माझ्या पिशवीत होता. त्याला ते माहीत होतं. मी काढला नाही.

एक तारखेला सातला फोन आला.

"सही झाली?"

"न्हाय."

"हात बरा न्हाय अजून?"

"हात बरा झालाय, काका."

मी वही उघडून, पेन घेऊन बसलो होतो. या वेळी त्यांनी तारीख काही सांगितली नाही. "बरं," म्हणाले, आणि फोन ठेवला.